अभ्यास, मित्रमंडळ आणि शहरातले जेवण : एका आठवड्याचा हिशेब

(एम. ए. भाग २, अर्थशास्त्र)

घरापासून दूर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या फोनवर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "जेवलीस का?" आणि दुसरा, "अभ्यास कसा चाललाय?" "कोणाबरोबर जेवलीस?" हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही; विचारलाच तर त्यामागे थोडी काळजी असते. मित्रमैत्रिणींबरोबर हॉटेलात बसणे म्हणजे अभ्यासाच्या वेळेला गळती लागणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. उलट काही जण असेही सांगतात, की एम. ए.ची दोन वर्षे पुन्हा येत नाहीत, मजा करून घ्या, पुस्तके कुठे पळून जात नाहीत.

या दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : अभ्यास आणि मित्र ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार आपल्याच विषयाची अवजारे वापरून करावा असे मला वाटले. मी मूळची बार्शी तालुक्यातली. पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि मेसमध्ये जेवते. त्यामुळे पुढची उदाहरणे पुण्याची आहेत. सोलापूर, नागपूर किंवा मुंबईच्या विद्यार्थ्याने त्यांत आपले रस्ते घालून घ्यावेत.

१. आठवड्याचे १६८ तास

प्रथम वेळेचा ताळेबंद मांडू. नव्या रचनेत आपल्या एम. ए.च्या एका सत्राला २२ श्रेयांक आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे तास, वाचन, लेखन असे सर्व मिळून ३० तासांचे अध्ययन धरले जाते. म्हणजे सत्राला ६६० तास. पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४४ तास.

आता माझा आठवडा. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. अभ्यास ४४. अंघोळ, कपडे, येणे-जाणे, बारीकसारीक खरेदी रोज तीन तास, म्हणजे २१. शिकवण्या आठवड्याला १२. बेरीज १२६ झाली. उरले ४२. त्यातून मेसमध्ये दोन वेळचे जाणे, रांग आणि जेवण, शिवाय सकाळचा चहा-नाश्ता मिळून रोज दोन तास, म्हणजे १४. नेट आणि सेटची तयारी रोज दोन तास, म्हणजे आणखी १४. एवढे सगळे वजा करूनही चौदा तास शिल्लक राहतात.

या चौदा तासांत घरच्यांशी बोलणे, आजारपण, कंटाळा आणि मित्रमंडळ यांची सोय लावायची आहे. वेळ मुबलक नाही. पण मित्रांना दाराबाहेर उभे करावे इतका तुटपुंजाही नाही. माझ्या पाहण्यात अभ्यास बुडतो तो या चौदा तासांमुळे नव्हे. "पाच मिनिटे बसू" म्हणून सुरू झालेली बैठक ठरलेल्या ४४ तासांच्या हद्दीत शिरते, तेव्हा तो बुडतो. तेव्हा कुंपण घालायचे ते मैत्रीला नव्हे, घड्याळाला.

२. ताटाची खरी किंमत

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली वेळेच्या वाटपावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपण बाजारातून केवळ वस्तू घेतो, तिच्यात आपला वेळ मिसळला की मगच उपभोग तयार होतो. म्हणून जेवणाची किंमत केवळ बिलावरच्या आकड्याइतकी नसते. त्यात खर्च झालेल्या वेळेची किंमतही मिळवावी लागते. वर्गात संधी खर्च म्हणून आपण जे शिकतो, तेच इथे ताटात वाढलेले दिसते.

या नजरेने आपल्यापुढचे पर्याय पाहा. मेसचे जेवण पैशाने आणि वेळेनेही स्वस्त : पाऊण तासात मनुष्य जेवून बाहेर. महिन्याचे पैसे आधीच भरलेले, न आलेल्या दिवसांचे खाडे मालकाच्या वहीत मांडलेले. त्याची उणीव एकच : मागचा माणूस ताट घेऊन उभा असतो, त्यामुळे बोलायला उसंत मिळत नाही. डबा त्याहून कमी वेळ घेतो; पण तो बहुधा एकट्याने, भिंतीकडे किंवा मोबाईलकडे पाहत खाल्ला जातो. खोलीवर स्वयंपाक करणे पैशाने स्वस्त, मात्र भाजी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत वेळ फार. आणि पेठेतल्या पुष्कळ घरमालकांना ते चालतही नाही. हॉटेल दोन्ही बाजूंनी महाग. फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी 'वैशाली'त जायचे तर टेबलासाठी थांबणे, खाणे, गप्पा आणि परत येणे यांत तीन तास सहज जातात.

मेसच्या पाऊण तासाशी तुलना केली, तर हॉटेलच्या एका संध्याकाळी जास्तीचे सव्वादोन तास जातात. हे सव्वादोन तास आपण इडलीसाठी देत नाही, सहवासासाठी देतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : या सहवासातून काय मिळते, आणि तेच याहून कमी किमतीत मिळेल का?

३. पंगतीत कोण बसले, कोण नाही

पुण्यात शिकायला येणाऱ्याच्या जेवणाचा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीचे गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या व्यवस्थेने अनेकांचे शिक्षण तडीस नेले हे खरे. परंतु ती जातीच्या कुंपणाच्या आत चालत होती आणि फार मोठा समाज त्या पंगतीच्या बाहेर होता, हेही तितकेच खरे. मुलींचा तर त्यात विचारच नव्हता.

ही कोंडी ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली साताऱ्यात त्यांनी असे वसतिगृह उभे केले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, काम करत आणि एका पंगतीत जेवत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले. शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण शाळा आणि फळा आठवतो, भटारखाना विसरतो. पण मूल शाळेत टिकले ते पुष्कळदा या भटारखान्यामुळे.

शहरात इराणी कॅफे, खानावळी आणि उडपी उपाहारगृहे आली आणि एका कपाच्या पैशात बसायला जागा मिळू लागली. डेक्कन जिमखान्यावरचे 'गुडलक' १९३५ सालचे. बन-मस्का आणि चहा यांवर तेथे विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या बसल्या. म्हणजे आज आपण ज्या टेबलाशी सहज बसतो, ते सहज मिळालेले नाही. आपल्या टेबलाशी कोण बसू शकत नाही, हा प्रश्न म्हणूनच आपण विसरता कामा नये.

४. टेबलावर अभ्यास होतो का?

होतो, आणि त्याचे एक नामांकित उदाहरण आहे. त्यावेळी पोलंडमध्ये आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वूव शहरात 'स्कॉटिश कॅफे' नावाचे उपाहारगृह होते. बानाख, माझूर, उलाम आदी गणिती तेथे बसून संगमरवरी टेबलांवरच गणिते मांडत. टेबल पुसले की काम गेले! म्हणून १९३५ साली बानाखच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच ठेवलेली असे आणि मागितली की वेटर आणून देई. तिच्यात १९४१ पर्यंत प्रश्नांची भर पडत गेली. १९३६ साली माझूरने एका प्रश्नासाठी जिवंत हंसाचे बक्षीस लावले. तो प्रश्न सुटला १९७२ साली; स्वीडनच्या पेर एन्फ्लोने तो सोडवला आणि त्याला वॉर्सात खरोखरच हंस देण्यात आला.

आपण बानाख नव्हे, हे उघड आहे. तरी या हकिकतीत आपल्याला घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. एक, ती माणसे टेबलाशी आपला विषय घेऊन बसत. दुसरा, बोललेले हवेत विरू नये म्हणून त्यांनी वही ठेवली.

मानसशास्त्रही याला आधार देते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. इतरांनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु एका आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. मैत्रिणीला पुस्तक न उघडता एखादा सिद्धान्त समजावून सांगणे हा याच जातीचा व्यायाम आहे. आमच्या गटात एकदा केन्सचा रोखता पसंती सिद्धान्त निघाला. रोख पैसा हाती ठेवण्याचे तीन हेतू सगळ्यांनाच तोंडपाठ होते. पण सट्टा हेतूचा व्याजदराशी उलटा संबंध का, असे कोल्हापूरच्या मित्राने विचारले तेव्हा पाठांतर संपले आणि विचार सुरू झाला. ग्रंथालयात एकटीने बसून हा प्रश्न मला पडला नसता. तेथे आपल्याला अडवणारे कोणी नसते.

अर्थात ग्रंथालयाचे काम टेबल करू शकत नाही. मूळ ग्रंथ वाचायला, टिपणे काढायला एकान्तच हवा. ज्याने काही वाचलेलेच नाही तो टेबलाशी काय सांगणार? आधी वाचन, मग जेवण हा क्रम उलटला की उरतात त्या नुसत्या गप्पा.

५. बिलाचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक बाब. पुण्यात 'टीटीएमएम' म्हणजे 'तुझे तू, माझे मी' ही पद्धत प्रसिद्ध आहे. तिची चेष्टा होते; पण ती न्याय्य आहे. त्रास होतो तो 'काँट्री' काढताना, कारण तेथे एकूण बिलाला डोक्यांनी भागतात. एकाने कॉफीच घेतली आणि दुसऱ्याने चार पदार्थ मागवले, तरी वाटा सारखाच. कागदावर समता, प्रत्यक्षात विषमता.

आमच्या चौघांच्या गटात नांदेडकडची एक मैत्रीण आहे. 'कमवा व शिका' योजनेत काम करून शिकते आणि त्यातूनच घरीही थोडे पाठवते. तिसऱ्या सत्रात ती शनिवारी म्हणू लागली, "तुम्ही जा, मला भूक नाही." दोन-तीन आठवडे असे झाल्यावर आम्ही जागाच बदलली. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. म्हणजे त्या संध्याकाळी चौघांनाही काहीतरी सोय करावीच लागते. कोल्हापूरच्या मित्राने इतर मुलांबरोबर छोटा फ्लॅट भाड्याने घेतला आहे. तेथे सहा वाजता जमायचे, मुगाची खिचडी टाकायची, पापड भाजायचे आणि साडेआठला उठायचे, असे ठरले. कारण आम्हां दोघी मुलींची दारे साडेनऊला बंद होतात.

त्या पातेल्याभोवतीच एकदा कळले, की ती एम. ए. अर्धवट सोडून गावी परतण्याच्या विचारात होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला होता, मुदत चार दिवसांवर होती आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला गावाकडे होता. गटातल्या लातूरच्या मित्राने तो अर्ज आदल्या वर्षी भरला होता. कोणते कागद लागतात ते त्याने तिथेच लिहून दिले. तिच्या भावाने दाखल्याचा फोटो पाठवला आणि अर्ज वेळेत गेला. आज ती आमच्याबरोबर शेवटच्या सत्राला आहे आणि अर्थमिती आम्हांला तीच समजावून सांगते. शनिवारचे टेबल बदलले नसते, तर हे बोलणे निघालेच नसते. विद्यार्थ्याच्या अडचणीची पहिली खूण गुणपत्रिकेवर दिसत नाही. ती "मला भूक नाही" या वाक्यात असते.

६. काही सूचना

आमच्या अनुभवातून निघालेले हे नियम आहेत. कोणी आपल्या सोयीने बदलून घ्यावेत.

पहिला : जागा ठरवताना सर्वांत हलका खिसा ज्याचा, त्याच्या सोयीने ठरवावी, आणि हे त्याला बोलून दाखवू नये. दुसरा : उठण्याची वेळ बसण्याआधीच ठरवावी. तिसरा : पान वाढण्यापूर्वी प्रत्येकाने आठवड्यात वाचलेली एक गोष्ट पुस्तक न उघडता सांगावी, आणि अडलेला प्रश्न वहीत लिहावा. जेवण सुरू झाले की मात्र विषय बंद. तेव्हा क्रिकेट, सिनेमा, घरची भांडणे, काहीही चालेल. चौथा : परीक्षेच्या महिन्यात बैठक रद्द करू नये, लहान करावी, एकटेपणा तेव्हाच जास्त छळतो. पाचवा : हॉटेल महिन्यातून एकदा, आणि तेही 'टीटीएमएम'.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. महाविद्यालयाचे उपाहारगृह दुपारी चारला बंद होते, आणि आमचे पदव्युत्तर तास त्याच सुमारास सुटतात. ते सहापर्यंत उघडे राहिले, तर स्वस्त चहा, बसायला बाक आणि जवळच ग्रंथालय एवढ्या भांडवलावर बरेच काही होऊ शकेल.

मित्रमैत्रिणींनो, पदवीपत्रावर आपले एकट्याचेच नाव छापले जाते. ते मिळेपर्यंत आपल्याला कोणी प्रश्न विचारले, कोणी भात वाढला, कोणी अर्जाची तारीख सांगितली, याची नोंद त्यावर नसते. म्हणून पुढच्या सत्राचे वेळापत्रक आखताना आठवड्यातली एक संध्याकाळ या लोकांच्या नावे आधीच लिहून ठेवा, आणि तिच्यापुढे उठण्याची वेळही लिहा.