घरची कोठी : तिचे माप व तिची राखण

शेतकऱ्याची श्रीमंती कोठे मोजावी, असा प्रश्न केल्यास कोणी जमिनीकडे बोट दाखवील, कोणी बैलजोडीकडे, तर कोणी बँकेच्या पुस्तकाकडे. परंतु पाऊस चुकलेल्या वर्षी या तिन्हींचा उपयोग मर्यादित ठरतो. पडीक राहिलेले शेत त्या साली पोट भरीत नाही, वैरणीवाचून बैल विकावे लागतात, आणि पैसा हाती असला तरी धान्याचा भाव त्याच्यापुढे धावत असतो. अशा वेळी घर तरते ते कोठीत असलेल्या दाण्यावर. म्हणून मेहकर तालुक्यातील डोणगाव व त्याच्या भोवतालची गावे डोळ्यांपुढे ठेवून, घरच्या साठवणीचा हा पाठ येथे मांडीत आहोत.

पूर्वीचा अनुभव :— इ. स. १८९९ साली पाऊस गेला व १९०० सालापर्यंत वऱ्हाडच्या सर्व जिल्ह्यांनी कडक दुष्काळ भोगला. वऱ्हाडात कापसाचा पेरा त्यापूर्वीच पुष्कळ वाढला होता. धान्य आगगाडीने बाहेरून येत असे; तरी ते विकत घेण्याची शक्ती फार थोड्यांत होती. वैरण न मिळाल्याने गुरे तर अतोनात मेली. पुढे १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो लोकांनी रोजगाराच्या कामांवर खडी फोडली व परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. दोन्ही वेळचा धडा एकच : धान्य देशात असणे व धान्य घरात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा धडा जुना झाला असे कोणी समजू नये. २०१५ सालापासून बुलढाण्यासह राज्यातील १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना सवलतीच्या दराने धान्य मिळू लागले होते. २०२३ साली त्या धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. प्रारंभी ती दरमाणशी दरमहा १५० रुपये होती. रोख रक्कम वाईट नव्हे. पण महागाई झाली की तीच रक्कम कमी दाणे आणते. कोठीतील पायली मात्र पायलीच राहते.

कोठीचे माप :— कष्ट करणाऱ्या प्रौढ माणसास रोज अर्धा किलो धान्य धरावे. वर्षाचे सुमारे १८० किलो होतात. चार मोठी माणसे व दोन मुले अशा घरात मुलांचे अर्धे माप धरून पाच माणसांचा हिशेब करावा. म्हणजे ज्वारी व गहू मिळून ९ क्विंटल झाले. डाळ दरमाणशी रोज ६० ग्रॅम धरल्यास सव्वा क्विंटलाच्या आत भागते. पाहुणा, सालदार व सणवार यांची भर ज्याने त्याने घालावी.

परंतु हे झाले चांगल्या वर्षाचे माप. खरीप बुडाला हे नक्की कळते भाद्रपद-आश्विनात, आणि तोवर जुने धान्य संपत आलेले असते. त्याच पावसाच्या अभावी जमिनीत ओल नसल्याने रब्बीही बहुधा हातची जाते. तेव्हा बारा महिन्यांची साठवण ही वस्तुतः दुष्काळाची तयारी नव्हेच. माप अठरा महिन्यांचे असावे. वरील घरास साडेतेरा क्विंटल. एवढे एका वर्षात साधणार नाही. दरसाल तीन महिन्यांची भर घालावी, म्हणजे दोन सुगीत माप पुरे होते. नवे धान्य खळ्यावर आल्याखेरीज जुने विकू नये, आणि नवे आले की जुने आधी खावे, हे दोन नियम घरात सर्वांस ठाऊक असावेत.

कोठी पेरणीपासून भरते :— हल्ली आपल्या भागात सोयाबीन, तूर व कापूस यांनी ज्वारीची जागा घेतली आहे. सोयाबीन पैसा देते, पण भाकरी देत नाही आणि कडबाही देत नाही. मध्यम जमिनीत, बऱ्या पावसात एकरी ५ क्विंटल ज्वारी धरल्यास वरील घरास दोन एकर पुरतात; शिवाय वर्षाची काही वैरण पदरात पडते. पाखरे व रानडुकरे यांमुळे ज्वारी सोडली, असे पुष्कळजण सांगतात व ते खरे आहे. एकट्या शेतावर सारा थवा उतरतो. यासाठी पाचदहा शेजाऱ्यांनी ठरवून लागून पेरा करावा, म्हणजे नुकसान वाटले जाते व राखणही पाळीने होते. दाणा भरताना पाऊस सापडून कणीस काळे पडते; म्हणून वाणाची मुदत पाहूनच बी घ्यावे, आणि काळा पडलेला दाणा कोठीत घालू नये.

वाळवण :— साठवलेले धान्य बिघडते त्याचे पहिले कारण ओल होय. धान्यात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. डाळींत त्याहूनही कमी बरा. दाताखाली दाणा ‘कट्’ असा आवाज करून फुटला पाहिजे. दबला तर आणखी ऊन द्यावे. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व चांगले वाळलेले मीठ घालून हलवावे. मीठ काचेस चिकटले तर धान्य ओले समजावे. उन्हातले तापलेले धान्य तसेच कोठीत भरू नये. ते निवू द्यावे, नाहीतर आत घाम सुटून बुरशी धरते.

जुने पेव व नवी कोठी :— आपल्या वाडवडिलांची पेवे पांढरीत किंवा मुरमाड जागी असत. काळ्या भारी जमिनीस भेगा पडतात व पाणी शिरते. आत कडब्याचे अस्तर देऊन तोंड दगडमातीने बंद करीत. कोंडलेल्या पेवात दाण्याच्या व किडीच्या श्वासाने प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरते. हवाबंद अस्तराच्या आधुनिक पिशवीचे तत्त्वही हेच आहे. मात्र त्याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे प्राणघातक असते. आत सोडलेला दिवा जळत राहिला तरी तेवढ्यावर विश्वासू नये. आज घरगुती साठवणीस घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी उत्तम. ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी व गळ्यापर्यंत भरावी.

कीड :— तुरीचा व हरभऱ्याचा भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच शेंगेबरोबर येतो. खाण्याच्या तुरीची लवकर डाळ करावी, कारण तो अख्ख्या दाण्यावरच वाढतो. अख्खे ठेवायचे कडधान्य किलोस ५ मिलिलिटर खाद्यतेलाने चोळावे. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावी. धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत; त्यांच्या वायूने झोपलेली माणसे मेलेली आहेत.

बियाणे :— बियाण्याची कोठी वेगळी असावी व तिला अडचणीतही हात लावू नये. सोयाबीनचे बी नाजूक असते. त्याची पोती आपटू नयेत, उंच थप्पी लावू नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावे. सत्तर तरी उगवले पाहिजेत.

दुष्काळ टाळणे कोणाच्या हाती नाही. पण खळ्यावरून पहिली गाडी कोठे जावी, बाजारात की घरात, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. यंदा रास मोजताना घरातील माणसांची संख्या आधी उच्चारावी, बाजारभाव नंतर विचारावा.