प्लॅटिनम इमारतीतलं दुखरं डोकं

“डॉक्टर, हापिसात डोकं चढतंय आणि गावाकडं आलं की उतरतंय. बीपी बघा जरा.” शनिवार-रविवारी गडमुडशिंगीत दवाखाना उघडला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी पोरं पुण्यात हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी. बीपी बहुधा ठीक निघतं. मग मी विचारतो, बसता त्या इमारतीला खिडक्या उघडतात का? उत्तर येतं, “छे, सगळी काच आहे. पण ग्रीन बिल्डिंग आहे, डॉक्टर. प्लॅटिनम!”

ही पाटी कशाची असते, ते आधी समजून घ्या. 2001 मध्ये स्थापन झालेली आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) ही संस्था सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देते. ‘गृह’ हे दुसरं हरित मानांकन एक ते पाच तारे देतं. वीज किती वाचली, पाणी किती मुरवलं, सामान कुठून आणलं, याचे गुण त्यात असतात. आतल्या हवेचे आणि उजेडाचेही असतात, नाही असं नाही. पण एकूण बेरजेत ते थोडे. गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देते म्हणून तिचं सीट कमरेला सोसेलच असं नाही, तसं हे आहे.

हे माझं एकट्याचं मत नाही. इमारतीत बसणाऱ्या माणसांनाच विचारून केलेला एक मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 144 इमारती, त्यातल्या 65 ‘लीड’ हे हरित प्रमाणपत्र असलेल्या, आणि एकवीस हजारांवर लोकांची उत्तरं. समाधानाच्या बाबतीत पाटी असलेल्या आणि नसलेल्या इमारतींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अशा पाहण्यांत लोकांची मोठी तक्रार असते ती आवाजाची. भिंती काढून मोकळा हॉल केला की उजेड लांबवर पोचतो, पण शेजारच्याचा फोनही कानात येतो. दिवसभर तो न ऐकण्याचा प्रयत्न करणं हेसुद्धा मेंदूला कामच आहे.

तापमानाचं गणित तर आणखी गमतीचं. शंभरातल्या ऐंशी जणांना बरं वाटलं की खोली पास, असा अमेरिकी मानकाचा नियम आहे. तुम्ही उरलेल्या विसांत असाल तर शाल घेऊन बसा! अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने आपल्याच देशातल्या पाच शहरांतल्या कार्यालयांत फिरून हे तपासलं. खिडकी आणि पंखा ज्यांच्या हातात असतो, त्यांना जास्त उकाडाही चालतो. हाताशी बटण असणं हाच अर्धा आराम आहे, हे मला औषधाच्या बऱ्याच बाटल्यांपेक्षा खरं वाटतं.

आता तुमच्या डोक्याकडे येऊ. डोकं जड, डोळे चुरचुरणं, घसा कोरडा, दुपारी तीनला झापड, आणि इमारतीबाहेर पडलं की तासा-दोन तासांत हुशारी. याला ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 च्या दशकातच त्याची दखल घेतली. पण लगेच इमारतीच्या नावाने बोटं मोडू नका. आधी चष्म्याचा नंबर, हिमोग्लोबिन, साखर आणि झोप तपासून घ्या. मग दोन आठवडे वहीत टिपा: त्रास किती वाजता सुरू झाला, कुठल्या खुर्चीत बसला होता, सुट्टीच्या दिवशी झाला का. एकाच ओळीतल्या चार जणांच्या वह्या जुळल्या तर त्या घेऊन देखभाल विभागाकडे जा. त्यांना दोनच गोष्टी विचारा: बाहेरची ताजी हवा आत किती घेता, आणि फिल्टर कधी बदलला? कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. खोली भरलेली असताना आकडा सतत हजार पीपीएमच्या वर राहत असेल तर हवा शिळी आहे असं समजा. एवढ्या प्रमाणात या वायूने विषबाधा होते असं नाही. माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडते, एवढं तो आकडा सांगतो.

आणि पुण्याला नावं ठेवण्याआधी आपल्या गावातले नवे बंगले बघा. कौलारू सोप्याच्या जागी स्लॅब आला, जाळीच्या जागी सरकती काच आणि वर स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. त्यात रात्री दार लावून डासांची कॉइल! 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. लेकरू त्याच खोलीत झोपतं. मच्छरदाणी लावा, ती अजूनही सगळ्यात बरी.

रंग आणि प्लायवूडचा वास असतानाच वास्तुशांत उरकायची घाई आपल्याकडे फार. मुहूर्त पाळा, पण राहायला जाण्याआधी काही आठवडे खिडक्या सताड उघड्या ठेवा. घरात दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तर हे नक्कीच.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र ओल. जुलै-ऑगस्टात कपडे खोलीतच वाळत घालतो, ती वाफ थंड भिंतीवर बसते. भिंतीला चिकटवलेलं कपाट एकदा ओढून बघा. मागे काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसली तर ती बुरशी. दर पावसाळ्यात वाढणाऱ्या खोकल्याचं मूळ तिथेही असू शकतं. तिच्यावर नुसता रंग मारू नका, गळती आधी बंद करा. कपाट चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाकघरात आणि बाथरूमला एक्झॉस्ट फॅन लावा, आणि उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

खिडकी कायम उघडीच ठेवा असंही मी म्हणणार नाही. गळीत हंगामात संध्याकाळी शिवारात पाचट पेटलं की धूर घरात शिरतो. तेवढा वेळ काच लावा, धूर विरला की उघडा. आणि पुढच्या वर्षी पाचट न जाळता सरीतच कुजवता येतं का, तेही घरातल्या शेतकऱ्याला विचारा.

एवढं करूनही रात्री छातीत घरघर होत असेल, चार पावलांत धाप लागत असेल, किंवा डोकेदुखी कधी नव्हे इतकी अचानक आणि जोराची आली असेल, तर वही-बिही राहू द्या. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.