हॅवलॉकला स्कुबासाठी जाताय?

अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, मला इतकं आवडतं की दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं, ‘आम्ही चाललोय, काय सांगशील?’ त्या सगळ्यांना सांगते तेच इथे लिहिते.

१. सहलीची आखणी शेवटच्या दिवसापासून करा. पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. लगेच विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतात तसे. बऱ्याच डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमान नाही. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवते. सकाळी स्कुबा आणि दुपारी विमान, असे कार्यक्रम छापलेले मी पाहिलेत. अशी सहल अजिबात घेऊ नका. शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलला द्या. सावरकरांची कोठडी घाईने पाहण्याची जागा नव्हेच.

२. कान सांभाळा. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि कानांना सगळ्यात जास्त जाणवतात ते पहिले काही मीटर. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची, तीही दुखायला लागण्याआधी. दुखलंच तर थोडं वर या. सर्दी असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, उतरू नका.

३. श्वास कधीही रोखू नका. श्वास रोखून वर आलात तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

४. जमलं तर तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स करा. मालवणला उथळ पाण्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून फिरवतो. ती सुरुवात छानच, पण कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत स्वतःच्या तोलावर तरंगता येतं. तो आनंद निराळाच.

५. प्रवाळाला हात लावू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. प्रवाळ हे जिवंत प्राणी आहेत. त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातून जे वाचलं, जे पुन्हा वाढतंय, ते फोटोसाठी उभं राहणाऱ्याच्या फिनच्या एका फटक्यात मोडतं. दगडासारखं गोल प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं. माणसाएवढं दिसलं तर त्याचं वय मनात मोजून बघा. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि ते बाळगणं गुन्हा ठरतो.

६. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास, चालू असलेली औषधं, यातलं काहीही लपवू नका, बरोबरच्यांना लपवू देऊ नका. बेटावर मोठं रुग्णालय नाही, पोर्ट ब्लेअर बोटीने दोन-अडीच तासांवर आहे. शंका असेल तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा आणि त्यांचं पत्र सोबत न्या.