प्रत्यंचेची लांबी

वर्तुळाच्या परिघावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेस भूमितींत आपण जीवा म्हणतों. जीवा या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी, म्हणजेच प्रत्यंचा. ही दोरी किती लांब असावी, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मापाविषयीं एक चांगला धडा त्यांत सांपडतो. तोच विद्यार्थ्यांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रत्यंचा धनुष्याहून आंखूड असते. म्हणूनच ती चढविली कीं धनुष्य वांकतें, आणि मूठ व दोरी यांमध्यें अंतर पडतें. ६८ इंची आधुनिक धनुष्यांत हें अंतर बहुधा ८ ते ९ इंच ठेवितात. इंग्लंडांतील जुने तिरंदाज तें हातानेंच मापीत: धनुष्याच्या पकडीवर मूठ ठेवून अंगठा ताठ उभा केला म्हणजे त्याचें टोक दोरीस लागावें. दोरी फार लांब असल्यास अंतर घटतें व सुटलेली दोरी मनगटावर आपटते. फार आंखूड असल्यास धनुष्याच्या बाहूंवर नको तितका ताण पडतो.

थोड्याशा चुकीनें किती फरक होतो, हें पायथागोरसच्या सिद्धांतानें पाहतां येईल. ३४ इंचांच्या दोन सरळ काठ्या मध्यें जोडून त्यांच्या मोकळ्या टोकांस ६५ इंच दोरी बांधली आहे असें समजा. ३४ चा वर्ग ११५६. अर्ध्या दोरीचा, म्हणजे ३२.५ चा, वर्ग १०५६.२५. वजाबाकी ९९.७५, व तिचें वर्गमूळ सुमारें १०. जोडापासून दोरी इतके इंच दूर राहील. आतां दोरी केवळ अर्धा इंच वाढली, तर हेंच अंतर सुमारें ९.१ इंच होतें. खरें धनुष्य कमानीसारखें वांकत असल्यानें त्याचे आंकडे निराळे येतील. पण दोरींतील लहान चूक अंतरांत मोठी होऊन दिसते, हें तेथेंही खरेंच.

मग दोरी मोजावी कशी? सैल दोरीची लांबी एक, ताणलेलीची दुसरी. अमेरिकेंतील ‘आर्चरी मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन’ या उत्पादकांच्या संस्थेनें त्यासाठीं प्रमाण ठरविलें: दोरीचे दोन्ही फांसे पाव इंच व्यासाच्या पोलादी खुंट्यांवर अडकवावे, १०० पौंडांचा ताण द्यावा, आणि २० सेकंदांनंतर लांबी मोजावी. ती धनुष्याच्या ठरीव मापाहून ३ इंच कमी असावी. त्यामुळें या प्रमाणाच्या ज्या दोरीवर ६८ हा आंकडा असतो, ती स्वतः ६५ इंच भरते. कांहीं कारागीर मात्र दोरीची प्रत्यक्ष लांबीच लिहितात. म्हणून आंकडा कशाचा, हें घेणाऱ्यानें आधीं विचारावें. उरलेला बारीक फरक दोरीचा पीळ कमीअधिक करून काढितात. पीळ वाढला कीं दोरी आंखूड होते.

यावरून दिसून येईल कीं, नुसत्या आंकड्यानें माप पुरें होत नाहीं. काय मोजलें, किती ताणाखालीं मोजलें आणि कोठून कोठपर्यंत मोजलें, हें ठरलेलें असलें म्हणजेच दूर देशीं केलेली दोरी आपल्या धनुष्यास बसते. प्रयोगवहींत आंकडा लिहितांना विद्यार्थ्यांनीं शेजारीं मोजण्याची रीतही लिहावी, आणि वही पाहतांना पालकांनीं ती अवश्य विचारावी.