एका बुजलेल्या रस्त्याचा माग

इतिहासाच्या तासाला आपण राजांच्या वंशावळी पाठ करतो, लढायांच्या सनावळ्या घोकतो. परंतु रस्त्यालाही वंशावळ असते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. ज्या रस्त्याने आपण रोज शाळेत येतो तो केव्हा जन्मला, त्यापूर्वी तेथे काय होते, आणि उद्या तो बंद पडला तर त्याच्या असण्याची साक्ष कोण देईल, हे प्रश्न कुणी आपल्याला विचारीत नाही. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरात ‘वाट’ आणि ‘रस्तो’ असे दोन शब्द आहेत. वाट पावलांनी पडते. रस्तो कोणीतरी पैसा खर्चून बांधतो. पावले थांबली की वाट दोनचार पावसाळ्यांत गवताखाली जाते. बांधलेला रस्ता इतक्या सहजासहजी नाहीसा होत नाही, आणि म्हणूनच त्याचा माग काढता येतो. असा माग कसा काढतात, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचे सोयरेधायरे पुण्यामुंबईकडे आहेत. त्यांच्याकडे जाताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपण पाहिला असेल. सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा हा काँक्रीटचा मार्ग २००२ साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्याच्यावर पादचाऱ्याला मज्जाव, बैलगाडीला मज्जाव. आडवा येणारा रस्ता एकतर वरून जातो किंवा खालून. आणि प्रवेशाबद्दल टोल भरावा लागतो. हे सारे आपल्याला अगदी आधुनिक वाटते. परंतु या कल्पनेचा एक पूर्वज १९०८ साली, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस पसरलेल्या लाँग आयलंड नावाच्या लांबट बेटावर जन्मला, वाढला आणि तीस वर्षांत मेला. त्याचे नाव ‘लाँग आयलंड मोटर पार्कवे’.

१९०८ हे साल हैदराबादच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. त्या वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसे दगावली, आणि नदीवरील पूल एकामागून एक निकामी झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. आणि १० ऑक्टोबरला या पार्कवेचा पहिला टप्पा खुला झाला. एका पंधरवड्यातील या तीन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण दुसरीचा तिसरीशी फार जवळचा संबंध होता, तो पुढे येईलच.

हा रस्ता बांधणारा गृहस्थ विल्यम किसम व्हँडरबिल्ट (धाकटा) हा रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेल्या घराण्यातील होता. त्याला मोटारींचे वेड होते. १९०४ पासून त्याने लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती भरविल्या आणि जिंकणाऱ्यास आपल्या नावाचा करंडक ठेवला. रस्ते मातीचे, गावांतून जाणारे. आणि प्रेक्षक तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यातच उभे राहात! १९०६ च्या शर्यतीत एक प्रेक्षक मोटारीखाली सापडून मेला. तेव्हा व्हँडरबिल्ट आणि त्याचे स्नेही यांनी कंपनी काढून स्वतःचाच रस्ता बांधावयाचे ठरविले.

त्या रस्त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तो काँक्रीटचा होता, आणि त्या काळी काँक्रीटचे रस्ते विरळाच असत. वळणावर बाहेरची कड उंच ठेवली होती, जेणेकरून वेगातील मोटार बाहेर फेकली जाऊ नये. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे खांब रोवून कठडा केला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणताही रस्ता किंवा लोहमार्ग त्याला आडवा येत नव्हता. त्याकरिता साठांहून अधिक पूल बांधले गेले. शेतकऱ्यांच्या जमिनी रस्त्याने दुभंगल्या होत्या, तेव्हा इकडच्या शेतातून तिकडच्या शेतात जाण्यासाठीही पूल द्यावे लागले. सगळ्या जमीनमालकांकडून सरळ पट्टा मिळाला नाही; परिणामी श्रीमंताचा हा रस्ता शेताच्या बांधासारखा वळसे घेत गेला. १९१२ च्या सुमारास तो रोंकोंकोमा सरोवरापर्यंत पोहोचला आणि त्याची लांबी सुमारे ४५ मैल झाली.

प्रवेशाला प्रथम दोन डॉलर टोल होता. ही रक्कम किती भारी होती, हे एका गोष्टीवरून कळेल. १९१४ साली फोर्डच्या कारखान्याने कामगाराला दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या औदार्याचा गाजावाजा साऱ्या जगात झाला होता. टोल घेण्यासाठी जागोजाग टुमदार घरे बांधली होती. त्यांपैकी काहींचा आराखडा जॉन रसेल पोप यांनी केला. वॉशिंग्टन शहरातील जेफरसन स्मारकाचे स्थापत्यकार ते हेच. टोल घेणारा नोकर बायकामुलांसह त्याच घरात राही. रात्री-अपरात्री मोटारीचा कर्णा वाजला की त्याने उठून यायचे.

शर्यतींचा शेवट वाईट झाला. १९१० च्या शर्यतीत चालकांसोबत बसणारे दोन यांत्रिक मृत्युमुखी पडले आणि पुष्कळ लोक जखमी झाले. त्यानंतर कायद्याने रस्त्यांवरील शर्यतींना बंदी घातली. रस्ता मात्र चालू राहिला. त्याला मारले ते स्वस्त मोटारीने. मॉडेल टी सामान्य माणसाच्या दारी आली, मोटारी लाखांनी वाढल्या, आणि या लाखो लोकांना टोल न देता जाता येईल असे सरकारी रस्ते हवे होते. १९३० नंतरच्या काळात रॉबर्ट मोझेस या प्रबळ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शेजारूनच रुंद आणि फुकटचा नॉर्दर्न स्टेट पार्कवे तयार झाला. व्हँडरबिल्टचा रस्ता अरुंद, वळणे तीव्र, तेथे टोल उतरून ४० सेंटांवर आला तरी कोण जाणार? १९३८ साली तो बंद झाला आणि थकलेल्या करापोटी त्याची जमीन सरकारजमा झाली. मोटारींच्या सोयीसाठी जन्मलेला रस्ता मोटारींच्या संख्येनेच संपविला, ही गोष्ट आम्हाला मोठी विलक्षण वाटते.

आता मुख्य मुद्दा. रस्ता बंद झाल्यावर त्याचे तीन तुकड्यांत तीन गतींनी विसर्जन झाले. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील पट्टा त्याच वर्षी सायकलींसाठी मोकळा केला गेला आणि आजही तेथे सायकली चालतात. अगदी पूर्वेकडचा काही भाग साधा सार्वजनिक रस्ता म्हणून अद्याप वापरात आहे. पण मधला, नासाऊ परगण्यातील भाग जवळजवळ पुसला गेला. महायुद्धानंतर तेथे घरांच्या प्रचंड वसाहती उठल्या. १९४७ पासून बांधले गेलेले लेव्हिटाऊन तर या रस्त्याच्या अंगावरच बसले. पूल पाडले गेले, खाचा बुजविल्या गेल्या. त्या घरांत वाढलेल्या मुलांना परसातील काँक्रीटचा खांब कशाचा, हे ठाऊक नव्हते.

तो कशाचा, हे शोधून काढले ते प्रामुख्याने तेथील रहिवाशांनी. त्यांपैकी हॉवर्ड क्रॉप्लिक आणि अल वेलोची या दोघांनी मिळून २००८ साली या रस्त्यावर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. क्रॉप्लिक यांची हौस एवढी की १९०९ व १९१० या दोन्ही वर्षी करंडक जिंकणारी ‘अल्को’ मोटार त्यांनी मिळवून पुन्हा चालती केली! वेलोची यांनी टोलनाक्यांच्या घरांवर आणि त्यांत राहिलेल्या कुटुंबांवर वेगळे पुस्तक लिहिले. आमच्या मते ही निवड फार शहाणपणाची आहे. रस्त्याच्या मालकाची छायाचित्रे सर्वत्र सापडतात. पण फाटक उघडणाऱ्याच्या घरातील माणसे गेली की त्यांच्या आठवणी कायमच्या जातात.

या हौशी मंडळींची रीत आपल्यालाही शिकता येईल. रस्ता शोधावयाचा तर नजर रस्त्यावर ठेवून भागत नाही, ती कडेला न्यावी लागते. डांबर उखडते, काँक्रीट फुटते. परंतु जमिनीच्या हद्दी सहसा हलत नाहीत. नासाऊमध्ये त्या जुन्या पट्ट्यावरून पुढे विजेच्या तारा नेण्यात आल्या. नकाशात घरांच्या दाटीतून एकच चिंचोळी रिकामी फीत वळत वळत गेली असेल आणि तिच्यावर विजेचे मनोरे उभे असतील, तर ती फीत बोलू लागते. मग जुना नकाशा आणि विमानातून घेतलेले जुने छायाचित्र शेजारी ठेवावयाचे, प्रत्यक्ष जागी जाऊन खांब मोजावयाचे, जुन्या चित्रपत्रातील पुलाचा कठडा आणि झुडपात सापडलेला कठडा ताडून पाहावयाचा. एकट्या पुराव्यावर विसंबावयाचे नाही. गार्डन सिटी येथील टोलनाक्याचे घर तर १९८९ साली मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवले आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या घरावरून रस्त्याची आखणी करू लागला तर सपशेल फसेल.

आपल्याकडे अशा शोधाला जागा नाही काय? बोरघाटाचेच पाहा. १८०४ च्या सुमारास तोफा चढविण्यापुरती सुधारलेली वाट. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी खुला केलेला रस्ता. १८६३ साली घाट चढलेली आगगाडी. त्या आगगाडीला जेथे इंजिन उलट्या टोकाला लावून दिशा बदलावी लागे आणि जे १९२९ साली मोडीत निघाले ते खंडाळ्याजवळील स्थानक. आणि शेवटी द्रुतगती मार्ग. एकाच डोंगराच्या अंगावर दोन शतकांचे मार्ग एकमेकांना ओलांडीत, झाकीत गेले आहेत. त्यांतील एक ठळक खूण म्हणजे वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोकांनी ज्याला ‘अमृतांजन पूल’ म्हटले तो दगडी पूल. वापरातून गेल्यावरही तो द्रुतगती मार्गावर उभा होता. त्याचे खांब वाहतुकीला अडचण करीत, ही तक्रार खरीच होती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. पूल पाडावा की राखावा, यावर दोन मते असू शकतात. परंतु पाडण्यापूर्वी त्याचा प्रत्येक दगड मोजून, चितारून ठेवावा, यावर दोन मते असू नयेत. कारण त्यानंतर त्या पुलाला विचारता येण्याजोगा प्रश्न उरत नाही.

आमची अंबरपेठ मुसीच्या काठी आहे. येथून मुसारामबागेकडे जाणारा ठेंगणा पूल पूर आला की बंद करावा लागे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. वरच्या अंगाला १५७८ सालचा पुराना पूल आहे. १९०८ च्या लोंढ्यातून तो बचावला. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसे वाचली असे सांगतात, आणि ते झाड दाखविता येते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी मोटारवाहतूक सुरू केली. त्या गाड्या कोणत्या रस्त्यांनी धावत, त्या रस्त्यांच्या कडेचे मैलाचे दगड कोठे गेले, कोणत्या घराच्या पायरीत बसले, हा शोध शाळेच्या मुलांना सहज झेपण्याजोगा आहे. आपल्या पेठेतील ‘छे नंबर’ चौकाचे नाव घ्या. हे नाव रोज तोंडी येते. ते कशावरून पडले, हे घरातील आजोबांना विचारा, मग शेजारच्या तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही विचारा. उत्तरे निराळी आली तर खोडू नका. प्रत्येक उत्तरापुढे सांगणाऱ्याचे वय, तो अंबरपेठेत केव्हापासून राहतो ते साल, आणि त्याने ती गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, एवढे टिपून वही वर्गात आणा.