स्वस्त संगणक आणि आपली मुले

महोत्सवी वर्षानिमित्त मंडळाची शिष्यवृत्ती मिळणाऱ्या प्रत्येक मुलास एकेक स्वस्त टॅब्लेट द्यावा, अशी सूचना काही सभासद बंधुभगिनींनी केली आहे. सूचनेमागील भावना चांगली आहे आणि रक्कमही लहानसहान नाही. तेव्हा तीवर मत देण्यापूर्वी ह्या बाबतीत इतरांस काय अनुभव आला हे पाहून घ्यावे, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे आयुष्य फळा आणि खडू ह्यांच्या संगतीत गेले आहे. आमचा कल कोणीकडे असेल हे उघड आहे. वाचकांनी तेवढी सूट धरूनच पुढे वाचावे.

गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा संगणक द्यावा, ही कल्पना जगापुढे गाजावाजाने मांडली ती अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटी ह्यांनी, २००५ साली. शंभर डॉलरांत संगणक, अशी त्यांची घोषणा होती. जे यंत्र पुढे तयार झाले ते खरोखर कौतुकास्पद होते. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना असलेले, धुळीत आणि उन्हात टिकणारे. त्याचा पडदा भर दुपारच्या उन्हातही वाचता येई, आणि जवळजवळची यंत्रे आपसांत जोडली जाऊन एकमेकांशी बोलू शकत. किंमत मात्र शंभरावर थांबली नाही. ती एकशेनव्वदच्या घरात गेली. त्यामागील शिक्षणविचार सीमोर पेपर्ट ह्यांचा होता. यंत्राने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने यंत्राला शिकवावे आणि त्या खटाटोपात स्वतः शिकावे, असे ते म्हणत. हा विचार आम्हांस आजही पटतो. परंतु तसे घडण्यासाठी मुलाजवळ कोणीतरी जाणते माणूस बसावे लागते, आणि त्या माणसाचा खर्च शंभर डॉलरांत धरलेला नव्हता.

आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्रे, असा त्याचा रोख होता. तरी दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, तिचा एक छोटा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या लहानशा वस्तीत. तेथील शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी सर्व इयत्ता एकाच खोलीत आणि मुले वीस-बावीस. एवढ्या लहान पटावर एका शिक्षकाचे लक्ष प्रत्येक मुलापर्यंत पोचू शकते. साठांच्या वर्गात ते कोठून पोचावे? पुढे २०११ साली सरकारनेच 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट मोठ्या समारंभाने आणला. त्याच्या मंद गतीविषयी आणि लवकर संपणाऱ्या बॅटरीविषयी तक्रारी आल्या, आणि काही वर्षांत त्याचे नाव मागे पडले.

परदेशांत हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेने २००७ पासून दोन-तीन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांस यंत्रे दिली. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. पेरूमधील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी होऊन २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मुले संगणक वापरू लागली, बुद्धिचापल्याच्या काही कसोट्यांत थोडी पुढेही गेली, पण गणितात आणि भाषेत, ज्यांना यंत्रे मिळाली व ज्यांना मिळाली नाहीत, त्यांच्यात फरक आढळला नाही.

पण पेरूपर्यंत जाण्याचे कारणच काय? ह्या विषयावर जगभर ज्याचा दाखला दिला जातो तो प्रयोग आपल्या वडोदऱ्यातच झाला आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांस तो ठाऊक असेल! २००० सालच्या सुमारास गुजरात सरकारने शहरातील सुमारे शंभर नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. यंत्रे आली, परंतु प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती ती फारशी पडली नाहीत. ती कोणी चालवायची, कोणत्या तासाला, आणि बिघडली तर जबाबदार कोण, हे कोणी ठरवले नव्हते. ज्यांनी कोणतीही शाळा आतून पाहिली आहे त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. मोलाची वस्तू कुलपात सुरक्षित असते.

मग 'प्रथम' ह्या संस्थेने ती हाती घेतली. तिने वस्तीतीलच तरुण शिक्षक नेमले, त्यांस पाच दिवसांचे शिक्षण दिले आणि चौथीच्या मुलांस आठवड्याला दोन तास संगणकावर बसवले. एक तास शाळेच्या वेळेत, दुसरा शाळेच्या आधी किंवा नंतर. एका यंत्रापुढे दोन मुले. खेळ सारे गणिताचे. मुलाला जमेल तसे ते कठीण होत जात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे शाळा निवडून ह्याची तुलना केली. (ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांस २०१९ साली मायकेल क्रेमर ह्यांजसह नोबेल पारितोषिक मिळाले.)

त्यांचे आकडे संख्याशास्त्राच्या भाषेत आहेत. आम्ही ते वर्गाच्या भाषेत सांगतो. शंभर मुले गुणांच्या क्रमाने उभी केली आणि अगदी मधले मूल घेतले, तर पहिल्या वर्षाअखेर ते सुमारे चौदा मुलांना मागे टाकी, आणि दुसऱ्या वर्षीच्या तुकडीत सुमारे अठरा. हा लाभ मोठा आहे. परंतु तो केवळ गणितात. भाषेत काहीच नाही. आणि तास बंद झाल्यावर वर्षाने पाहिले तर अठरांपैकी चारच उरले होते.

त्याच शाळांतून, आणि मुंबईतही, 'प्रथम'ने दुसराही उपाय केला. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतील मुली 'बालसखी' म्हणून नेमल्या. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्या वेगळी घेऊन बसत आणि अक्षरओळख, अंकओळख पक्की करीत. दुसऱ्या वर्षी ह्या उपायाने मधले मूल सुमारे अकरा मुलांच्या पुढे गेले, आणि खरा फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्यांना. वर्षानंतर हाही लाभ पुष्कळ ओसरला, हे सांगितलेच पाहिजे. आता खर्च पाहा. त्या काळच्या हिशोबाने संगणकाच्या योजनेस दर मुलामागे वर्षाला ७२२ रुपये पडत. बालसखीस १०७ रुपये. म्हणजे तेवढीच प्रगती विकत घ्यायची तर यंत्राच्या वाटेने सुमारे चौपट पैसे लागत.

ह्यावरून यंत्र नकोच, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा होईल. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्या वर्गातील कित्येक घरांत एकच फोन होता; तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई आणि रात्री परत येई, तोवर धाकटा पेंगलेला असे. तीन भावंडांत आधी कोणाचा पाठ, ह्यावरून भांडणे होत, आणि बहुधा माघार मुलीला घ्यावी लागे. ज्या घरात काहीच नाही तेथे एक साधन जाणे हे केव्हाही मोलाचेच. प्रश्न एवढाच की, ते साधन कोणत्या व्यवस्थेसह जाते?

ह्या गावाला ती व्यवस्था अपरिचित नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो संस्थानभर नेला. पण वाचायला शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरते, हेही त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास आणवले, आणि लवकरच पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. पेटी गावातील कोणा जबाबदार माणसाच्या हवाली होई; गावाने पुस्तके वाचावी, पेटी परत जावी, दुसरी यावी. वाचकाला खर्च नसे. प्रत्येक घरास एकेक ग्रंथ वाटून टाकणे अधिक दिमाखाचे दिसले असते. परंतु मग तोच ग्रंथ त्या घरात फळीवर पडून राहिला असता.

आमची सूचना ह्याच धर्तीची आहे. टॅब्लेट घरोघर न वाटता बारा-पंधरा नग मंडळाच्या सभागृहात ठेवावे आणि संध्याकाळी दोन तास तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ते उघडावे. ज्या मुलांना घरी मुळीच साधन नाही त्यांस सही घेऊन, ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे, आठवड्यापुरते घरी न्यावयास द्यावे. उरलेल्या रकमेतून मंडळाच्याच कुटुंबांतील दोन शिकलेल्या मुलींना मासिक मानधन द्यावे. त्यांनी आरंभी मुलांचे वाचन तपासावे आणि जे मागे असेल त्याच्याजवळ आधी बसावे, यंत्र नंतर. दुरुस्ती, चार्जर आणि इंटरनेटचा खर्च दरसाल अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. देणगीदारांची नावे यंत्रावर कोरावयाची असतील तर खुशाल कोरावी, त्याला आमची हरकत नाही. मात्र मुलींच्या मानधनासाठीही कोणी देणगीदार पुढे यावेत. आणि मुलांची परीक्षा आरंभी, वर्षाअखेर व त्यानंतर आणखी एका वर्षाने घ्यावी. ह्या तिसऱ्या परीक्षेचे काम विनामूल्य करण्यास आम्ही तयार आहोत.