लाँचने घारापुरीला

(मुंबईहून घारापुरी बेटाला जाणारा समुद्रमार्ग, तेथील लेणी आणि बेटावरच्या माणसांचे जीवन यांची माहिती या पाठात दिली आहे. समुद्रप्रवासात कोणती काळजी घ्यावी, हेही यात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, ‘बंदर’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? झाडावरून उड्या मारणारा प्राणी ना? उर्दूत ते बरोबर आहे. मराठीत मात्र त्या प्राण्याला ‘माकड’ म्हणतात आणि ‘बंदर’ म्हणजे जहाजे थांबण्याची जागा. तुमच्या ‘बंदरगाह’ या शब्दातला ‘बंदर’ तो हाच. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला. आज आपण ज्या बेटावर जाणार आहोत, तेथे शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावे आहेत. आणि माकडेही पुष्कळ आहेत!

या बेटाचे नाव घारापुरी. ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. पण ते पाहायला जाणारे बहुतेक लोक मुंबईहून निघतात. बेटावर जायला पूल नाही. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण तो घारापुरीला न शिवता उत्तरेकडून निघून जातो. म्हणून आजही या बेटाचा रस्ता म्हणजे समुद्र आणि वाहन म्हणजे लाँच.

लाँच सुटते ती गेट वे ऑफ इंडियापासून. ही भव्य कमान १९२४ मध्ये बांधून पूर्ण झाली. इंग्रज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून ती उभारली गेली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून आपला देश सोडून गेली. ज्या दारातून थाटामाटाने आत यावे, त्याच दारातून मुकाट्याने परत जावे लागावे, हा इतिहासाचा केवढा मोठा धडा आहे!

तिकीट काढून तुम्ही लाँचमध्ये चढता. इंजिन धडधडू लागते. मागे ताजमहाल हॉटेलचा घुमट हळूहळू लहान होत जातो. आता जरा कान देऊन खलाशांचे बोलणे ऐका. कितीतरी शब्द ओळखीचे वाटतील. जहाज, किनारा, तुफान, खलाशी हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. बोटीच्या मालकाला किंवा चालकाला कोळी लोक ‘नाखवा’ म्हणतात. हा तुमचा ‘नाखुदा’! मात्र एका शब्दाने फसू नका. उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तेव्हा मराठी मित्राने ‘दर्याला उधाण आले’ असे म्हटले, तर नदीला पूर आला असे समजू नका.

घारापुरी सुमारे दहा किलोमीटर दूर आहे. तेथे पोहोचायला साधारण एक तास लागतो. वाटेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नौदलाची राखाडी रंगाची जहाजे दिसतात. जवाहर द्वीपाजवळ तेलाची मोठी जहाजे उभी असतात. पलीकडे न्हावा-शेवा येथील बंदराच्या उंच याऱ्या दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे उडतात. काही प्रवासी त्यांच्यापुढे तळलेले खाऊ फेकतात. तुम्ही तसे करू नका. मासे खाणाऱ्या पक्ष्याला चिवडा-वेफर मानवत नाहीत.

मित्रांनो, समुद्र जितका सुंदर आहे, तितकाच तो सावध राहायला सांगणारा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर एक दुःखद अपघात झाला. घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. प्रवासी बोटीत शंभरावर माणसे होती. अनेकांना वाचवण्यात आले. पण पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे, हा नियम कडक करण्यात आला.

हे जाकीट माणसाला कसे वाचवते? आपल्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेइतकीच असते, असे म्हटले तरी चालेल. त्यामुळे पाण्यात आपण जेमतेम तरंगतो आणि घाबरून हातपाय मारले, की नाकातोंडात पाणी जाते. जाकिटात फोमसारखा अगदी हलका पदार्थ भरलेला असतो. तो बरेच पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचा वर ढकलणारा जोर आपल्याला मिळतो आणि डोके पाण्याबाहेर राहते. पण जाकीट बाकाखाली ठेवलेले असेल, तर त्याचा काय उपयोग? ते अंगात हवे आणि त्याचे पट्टे घट्ट बांधलेले हवेत. उकाडा होतो, फोटो चांगला येत नाही, अशा सबबी सांगू नका. 

आणखी एक गोष्ट. काही नवल दिसले की सगळे प्रवासी एकाच बाजूला धावतात. असे केल्याने सारा भार एका अंगाला जातो आणि बोट कलते. म्हणून आपल्या जागेवर बसूनच पाहावे. लाँच धक्क्याला नीट बांधली जाईपर्यंत उठू नये.

पाहता पाहता बेट जवळ येते. त्याच्या कडेने खारफुटीची हिरवी झाडी दिसते. ओहोटीच्या वेळी या झाडांच्या मुळांशी चिखल उघडा पडतो. भरतीच्या वेळी तेथेच पाणी खेळते. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याला ‘मद्द-ओ-जजर’ म्हटले आहे, ते येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. किनारा उथळ असल्यामुळे धक्का पाण्यात दूरवर बांधावा लागला आहे. धक्क्यावरून चालत गेले, की सुमारे १२० पायऱ्या लागतात. पायऱ्यांवर माकडे वाटच पाहत असतात. हातात खाण्याची पिशवी दिसली, की ती तुमची राहिली नाही असे समजा!

वर गेल्यावर लेणी दिसतात. ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली आहेत. येथे एकावर एक दगड रचलेला नाही. आख्खा डोंगर आतून कोरून खांब, दालने आणि मूर्ती तयार केल्या आहेत. येथील त्रिमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे. शिवाच्या या शिल्पातील एक चेहरा उग्र, एक कोमल आणि मधला अगदी शांत आहे. विचार करा, मातीच्या मूर्तीत चूक झाली तर माती पुन्हा लावता येते. दगडात एक घाव चुकीचा पडला, तर तो परत घेता येत नाही. तरीही त्या अनाम कारागिरांच्या हातून असे काम झाले! यातील अनेक शिल्पे पुढे भग्न झाली. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा.

या बेटाला एलिफंटा असेही म्हणतात. पोर्तुगीज येथे आले, तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी हे नाव दिले. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही. पण आपल्याच देशात आहे!

संध्याकाळी शेवटची लाँच पर्यटकांना घेऊन परत निघते. दुकाने आवरली जातात. बेटावर शांतता पसरते. मागे राहतात ते गावकरी. लेणी पाहून आपण परत फिरतो; पण या लोकांचा विचार आपण करतो का? समोर मुंबई रात्रभर झगमगत असे आणि घारापुरीत मात्र जनरेटरवर संध्याकाळी काही तासच दिवे लागत. ते बंद झाले, की मुलांचा अभ्यासही संपे. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे अशीच गेली. अखेर समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बेटावर कायमची वीज आली. तरीही कोणी रात्री आजारी पडले, तर आजही बोटच काढावी लागते. आपण ज्या लाँचमध्ये मौजेसाठी बसतो, तीच या लोकांची जीवनवाट आहे.

म्हणून मित्रांनो, घारापुरीला जाल तेव्हा कचरा समुद्रात टाकू नका, लेण्यांवर नाव कोरू नका आणि जाकिटाचे पट्टे बांधायला विसरू नका. दर्या सर्वांना वाट देतो. त्याचा मान राखणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
धक्का : बोट लागण्यासाठी बांधलेली जागा
उधाण : मोठी भरती
याऱ्या : जड माल उचलणारी यंत्रे
लेणे : डोंगरात कोरलेले मंदिर किंवा दालन
भग्न : मोडलेले
सबब : खोटे किंवा लटके कारण

स्वाध्याय
१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मराठीत आणि उर्दूत ‘दर्या’ या शब्दाचे कोणते अर्थ आहेत?
(आ) घारापुरीला एलिफंटा हे नाव कसे पडले?
(इ) घारापुरीचा धक्का पाण्यात दूरवर का बांधावा लागला?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जीवरक्षक जाकीट माणसाला कसे वाचवते?
(आ) लाँच ही घारापुरीच्या लोकांची जीवनवाट का आहे?
३. वाक्यात उपयोग करा : कान देऊन ऐकणे, वाट पाहणे, प्राण गमावणे.
४. उपक्रम : मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते वहीत लिहा.